पावण्याचं थळ

“आता ही खंयची?” आये पुटपुटली.

हे तिनं मला विचारलं नव्हतं, आमसुलांना विचारलं होतं. घरापुढच्या खळ्यात सुपावर पसरलेली कोकमाची सालं ती एकेक करून उलटत होती आणि मी तिच्या मागे बसून तिच्या डोक्याला तेल लावत होते. त्यामुळे तिची कुरकुर कानाआधी माझ्या बोटांना कळायची. आधी टाळू हलायची, मग शब्द यायचे.

“गेल्या म्हयन्यात तो लाल तोंडाचो इलो, तो भात चमच्यान खाय. तेच्या आदी ती दोगां इली, ती जितो मासो बघून रडली. आता ही काय करतली?”

“फिलिपिन्सची आहे,” मी म्हटलं. “मस्कतला नोकरी करते. दोन दिवस राहणार.”

“रवूंदे. माझा काय जाता? चादरी तुका धुवच्या आसत.”

आये म्हणजे माझी सासू. नाव द्वारका. आडवेळ नावाच्या आमच्या मासेमारांच्या वाडीत तिला सगळे द्वारकाकाकी म्हणत. मी रोहिणी, गडहिंग्लजची, म्हणजे घाटावरची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही वाडीच्या लेखी मी अजून नुकतीच एसटीतून उतरलेली होते. नवरा उदय होडीनं पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचा आणि मी घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. माझं इंग्रजी त्यातूनच आलेलं. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं पाहुण्यांच्या तोंडून, औषधांच्या बाटल्यांवरून आणि टीव्हीच्या तळाशी धावणाऱ्या ओळींतून गोळा केलं. त्यामुळे ‘आज समुद्र खवळलेला आहे’ हे मला झोपेतही सांगता येतं, पण ‘मला वाईट वाटतं’ म्हणायची वेळ आली की जीभ अडखळते.

“ताव पोऽ,” खळ्याच्या दगडी गडग्यापलीकडून कुणीतरी हाक दिली.

माझ्या हातांखाली आयेचं डोकं दगडासारखं झालं.

मी उठायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं. तेलानं निसटत होतं, तरी सोडलं नाही.

“बस.”

“आये, पाहुणी आली असेल.”

“बस म्हणतंय.”

“ताव पोऽ,” पुन्हा आलं. बाईचाच आवाज, जरा हसरा.

“आणखी एकदा मारूंदे,” आये म्हणाली.

मला हसू आलं. आडवेळातला हा नियम मला पहिल्या आठवड्यातच शिकवला गेला होता. अवेळी दाराशी हाक आली तर ‘ओ’ द्यायची नाही, दार उघडायचं नाही, तिसऱ्या हाकेची वाट बघायची. जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारतं. दर्यात बुडालेला माणूस घराकडे परत येतो, दोनदा बोलावतो, आणि जो ‘ओ’ देतो त्याला घेऊन जातो. अवेळ म्हणजे तिन्हीसांजेनंतर कधीही आणि भर दुपारी. ऊन डोक्यावर होतं, म्हणजे आयेच्या हिशेबानं वेळ वाईटच. गावात नवीन आलेला पोस्टमन सुरुवातीला दारोदार ताटकळून वैतागला होता. गॅसवाला शहाणा निघाला. तो एका दमात ‘गॅस गॅस गॅस’ ओरडून मोकळा होतो.

आज आये हयात नाही, आणि मी पहिल्या हाकेला उठते.

त्या दुपारी तिसरी हाक आली नाही. गडग्यावर आधी एक टोपी दिसली, मग टोपीखालचा गोल चेहरा, मग पाठीवर पिशवी घेतलेली बुटकीशी बाई फाटकाचं बेडं सरकवून सरळ खळ्यात आली. न सांगता तिनं चपला कडेला काढल्या, माझ्याकडे बघून हसली आणि वयानं मोठं कोण ते ओळखून आयेसमोर वाकली. आयेचा हात हातात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

त्यांच्याकडचा तो नमस्कार होता, हे मला नंतर कळलं. आयेनं मात्र विस्तवाला लागावा तसा हात ओढून घेतला. सूप कलंडलं, आमसुलं मातीत पडली. मातीत पडलेलं आमसूल उचलल्याशिवाय आये कधी जागची हलल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती उठली, न विंचरलेल्या तेलकट केसांनी आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार तिनं पुढे लोटलं.

“माझं काही चुकलं का?” त्या बाईनं विचारलं.

“तिचं डोकं दुखतंय,” मी म्हटलं. हे वाक्य मला चांगलं येत होतं.

तिचं नाव मारिसेल. पस्तिशीची असेल. जेवायला तिला टेबल मांडून देऊ लागले तर ती पाटावर येऊन बसली, बाह्या वर केल्या आणि हातानं भात कालवला. बांगड्याचं डोकं मी तिच्या ताटात वाढत नव्हते, तिनंच बोटानं दाखवून मागून घेतलं आणि डोळ्यासकट चोखून साफ केलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या परदेशी पाहुण्यांपैकी एकानंही माझ्या बांगड्याला असा न्याय दिला नव्हता.

आये दाराच्या फटीतून बघत होती.

“माणसासारखी खाता,” ती म्हणाली.

एरवी ही शाबासकी ठरली असती. पण तिचा आवाज शाबासकीचा नव्हता.

हात धुऊन मारिसेलनं फोन काढला आणि एक फोटो माझ्यापुढे धरला. फोटो मला ओळखीचा होता. आधीच्या वर्षी आलेल्या एका पाहुण्यानं काढलेला, मीच त्याला तिथे नेलं होतं. पावण्याचं थळ, म्हणजे पाहुण्याचं देवस्थान.

वाडीच्या वरच्या अंगाला, जिथे घरं संपून रान सुरू होतं, तिथे उंडीचं एक जुनं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी एक उभा दगड. त्याला शेंदूर लावत नाहीत, कारण त्याच्या धर्मात शेंदूर चालतो की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. दगडाला साखळीत एक पितळी पदक अडकवलेलं, पदकावर हात पसरून उभी असलेली एक बाई. वाडीतल्या बायका तिला ‘पावण्याची आवस’, म्हणजे त्याची आई, म्हणतात आणि तिला वेगळं फूल वाहतात.

माझ्या लग्नाच्या खूप आधी, एका पावसाळ्याच्या तोंडावर, बाहेर समुद्रात एक मालवाहू बोट बुडाली आणि एक परका खलाशी आडवेळाला लागला. कोण, कुठला, काही कळलं नाही. पोलीस पंचनामा करून गेले, न्यायला कुणी आलं नाही. गावानं त्याला त्या झाडाखाली पुरलं आणि हळूहळू तो गावाचा झाला. नवी होडी पाण्यात घालायची तर आधी पावण्याला नारळ. पोराला ताप आला तर पावण्याला सांगणं.

ही गोष्ट मी पाहुण्यांना फार रंगवून सांगायची. बघा, नाव माहीत नाही, जात माहीत नाही, देश माहीत नाही, तरी आमच्या गावानं त्याचा देव केला. लोकांचे डोळे भरून यायचे. एकीनं तर मला मिठी मारली होती, जणू देव मीच केला होता.

फक्त एक गोष्ट मला कधी उलगडली नव्हती. पावसाच्या सुरुवातीला, त्याच्या रात्रीला, त्याला जे देतात ते. कोंबडा नाही, दारू नाही. कढत पेज, आणि तिची वाफ दिसायला हवी. निवली तर परत चुलीवर. एक सुकी घोंगडी. पेटता कंदील. आणि त्या रात्री आडवेळात एकही दार लावायचं नाही. पाऊस आत येतो, पडवीत पाणी होतं, पोरं शिंकायला लागतात, तरी दारं सताड उघडी. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात मी आयेला विचारलं होतं, देवाला घोंगडी कशाला? “पद्धत हा,” ती म्हणाली. आयेनं ‘पद्धत’ म्हटलं की पुढे विचारायची सोय नसायची.

ती स्वतः तर वर्षभर दार लावत नसे. पडवीत, दाराकडे डोकं करून निजायची. चोराचं भय नाही का विचारलं तर म्हणायची, “चोर काय न्येतलो? माका?”

“हे माझे वडील आहेत,” मारिसेल फोटोतल्या दगडावर बोट ठेवून म्हणाली.

मला वाटलं, माझ्या इंग्रजीचा काहीतरी घोटाळा झाला. तिनं फोटो मोठा केला. पदकावर, त्या बाईच्या पायांशी, खिळ्यानं ओरखडल्यासारखी अक्षरं होती. मी ती रोज पाहिली होती. नक्षी समजत होते.

“आईनं कोरलंय. त्यांचं नाव, रोडेल. बोटीवर निघताना गळ्यात घातलं.” ती माझ्यासाठी सावकाश बोलत होती. “तेव्हा मी पोटात होते. कंपनीनं कळवलं, बेपत्ता. मग कंपनीच बंद झाली. कुणाला विचारणार? हा फोटो फिरत फिरत आमच्याकडच्या खलाशांपर्यंत पोचला आणि कुणीतरी आईला दाखवला.”

“आई आहे अजून?”

“आहे. रोज जेवताना त्यांचं ताट मांडते.” ती हसली, पण जरासंच. “आमच्याकडे गेलेल्यांसाठी वर्षातून एकदा ताट ठेवतात. आई रोज ठेवते. भाऊ म्हणतो, पुरे आता. ती म्हणते, तो जमिनीवर गेला असेल तर मी त्याला निरोप देईन. पाण्यात गेला असेल तर त्याला घराची वाट सापडत नसणार, तो अजून हिंडत असणार, भुकेला असणार.” तिनं फोन पालथा ठेवला. “मला एवढंच विचारायचंय. त्यांचे पाय जमिनीला लागले होते का?”

मी धावत स्वयंपाकघरापाशी गेले.

“आये, अगो, ही आपल्या पावण्याची मुलगी आहे.”

आत भांडं पडलं. पेजेचं. त्याचा आवाज मला ओळखू येतो.

दुपार उतरेपर्यंत वाडीभर झालं. आधी बायका गडग्याशी घुटमळल्या, मग आत आल्या. भागीरथीकाकी नारळ घेऊन आली आणि मारिसेलच्या पायांशी ठेवून पाया पडली. देवाची मुलगी, देवाचं चेडू ते. देवाच्या चेड्वाला नमस्कार करायचा नाही तर कुणाला? मारिसेल घाबरून मागे सरली आणि तिनं उलट भागीरथीकाकीचाच हात कपाळाला लावला. मग कोण कुणाच्या पाया पडतंय याचा काही वेळ मेळ लागेना.

“पण चायनाची दिसता,” भागीरथीकाकी माझ्या कानात म्हणाली.

“चायनाची नाही, फिलिपिन्सची.”

“ता खंय इला?”

“समुद्राच्या पलीकडे.”

“म्हंजे आमच्यासारकीच, दर्यावरची,” काकी म्हणाली, आणि तिला ते पटलेलं दिसलं.

ऊन कलल्यावर आम्ही थळावर गेलो. आयेला बोलावलं तर ती म्हणाली, “गुडघो दुकता.” पावण्याचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या शेजारच्या आत्माराम गावकरांचा. मी त्यांना आत्मादादा म्हणते. आयेच्या पुतण्यासारखे, तेव्हा साठीला आलेले, आवाज अजून खणखणीत. त्यांनी नारळ हातात धरला. मारिसेल गुडघ्यांवर बसली. मागे सगळी वाडी.

“बा पावण्या महाराजा, आज तुझा चेडू दर्यो ओलांडून तुझ्या पायाकडे इला हा…”

“व्हय महाराजा,” मागून आलं.

“तेच्या मनात जा काय असात ता पुरा कर…”

“व्हय महाराजा.”

“आणि आमच्या हातसून, कळत नकळत, जा काय चुकला असात, ता पोटात घाल रे महाराजा…”

“व्हय महाराजा.”

या शेवटच्या ओळीला वाडीचा आवाज चढतो. दरवर्षी चढतो. कोकणात सगळ्याच गाऱ्हाण्यांत ही ओळ असते, म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

मारिसेलनं दगडाला कपाळ टेकवलं. बराच वेळ टेकवून ठेवलं. त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, फोनवर घरी बोलावं तसं, साधंच. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली.

“विचार ना त्यांना.”

मी विचारलं. आत्मादादांनी नारळाची शेंडी सोलत सांगितलं, “सकाळी बघलव तर दर्यान तेका हय आणून ठेवल्यान.”

मी तिला सांगितलं. तिनं भागीरथीकाकीकडे बघितलं. काकी म्हणाली, “सकाळी बघलव तर दर्यान तेका हय आणून ठेवल्यान.”

हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. वाडीत कुणालाही विचारलं की हेच यायचं, ह्याच शब्दांत, एकही इकडचा तिकडे नाही. पाहुण्यांना इंग्रजीत सांगताना मीही ते तसंच सांगायची. त्या संध्याकाळी दोघांच्या तोंडून लागोपाठ ऐकलं आणि पहिल्यांदा मला ते पाठांतरासारखं वाटलं.

मारिसेल उभी राहिली. तिनं मागे वळून समुद्राकडे पाहिलं. ओहोटी होती. भरतीनं टाकलेल्या शेवाळाची काळी रेघ खूप खाली होती, तिच्यावर पुळणीची सगळी कोरडी वाळू, मग चढ, मग आमची घरं, आणि घरांच्याही वर हे झाड.

“इथपर्यंत पाणी येतं?”

“त्या वर्सा दर्यो मोठो होतो,” आत्मादादा म्हणाले.

“घरांच्या वर?”

मी हे भाषांतर करून सांगितलं. आत्मादादा नारळ सोलत राहिले. मारिसेल मच्छीमारांच्या गावची होती. पाणी कुठवर चढतं हे तिला जमीन बघून कळत होतं. पण ती भांडायला आलेली नव्हती. तिनं दुसरं विचारलं.

“ही सांगत होती, तुम्ही त्यांना घोंगडी देता. आणि गरम पेज. बुडालेल्या माणसाला घोंगडी का?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही. तेच मला जास्त दिसलं. आत्मादादांनी विडी पेटवली. थळावर विडी ओढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“सांग तिका,” ते म्हणाले, “दर्याचा पाणी थंड असता.”

मी सांगितलं. मारिसेलनं मान हलवली, पुष्कळ वेळ हलवत राहिली.

“म्हणजे नाहीच लागले,” ती म्हणाली. “पाय.”

परतताना तिनं विचारलं, पदक आईसाठी नेता येईल का? मी आत्मादादांना विचारलं. ते म्हणाले, देवाचं आहे, देवाकडेच राहू दे. मग म्हणाले, बघूया. मग चालत राहिले.

दोन दिवसांसाठी आलेली मारिसेल दुसऱ्या सकाळीच निघाली. उत्तर मिळालं, म्हणाली. आता थांबून काय करू? उदयनं नाक्यावरून रिक्षा बोलावली होती. मी डब्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली. आये पडवीत तिच्या जागेवर बसली होती. केस कालचेच, तेल वाळलेले. रात्रभर ती आडवी झाली नव्हती, हे अंथरुणाच्या न उलगडलेल्या घडीवरून दिसत होतं.

आत्मादादा आले. धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं पदक त्यांनी मारिसेलच्या ओंजळीत ठेवलं. “आवशीक दी म्हणा,” एवढंच म्हणाले. मारिसेलनं ते अंगठ्यानं चाचपलं, जिथे नाव होतं तिथे. मग आयेपाशी खाली बसली आणि पुन्हा तिचा हात घेऊन कपाळाला लावला. या वेळी आयेनं हात काढून घेतला नाही.

“यांना सांग,” मारिसेल मला म्हणाली, “आमच्याकडे अनोळखी मेलेल्याला लोक भितात. अंत्ययात्रेवरून कुणी थेट घरी जात नाही, मेलेला मागोमाग येईल म्हणून. आणि तुम्ही त्यांना घरात घेतलंत. मी आईला सांगेन, त्यांना चांगली माणसं मिळाली.”

“काय म्हणता ती?” आयेनं विचारलं.

मी सांगितलं. शब्द सगळे येत होते, तरी सांगायला वेळ लागला.

“आणि पायाचा? ता काय सांगतली आवशीक?”

“नाही लागले, असं सांगणार. समुद्रानंच आणलं, असं.”

“मगे ती म्हातारी ताट मांडीत रवतली.”

“हो.”

रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. मारिसेल उठून पिशवी पाठीवर घेऊ लागली.

“तिका विचार,” आये म्हणाली, “काल गडग्याकडसून ती काय म्हणत होती. हाक मारताना.”

“काकी, रिक्षा थांबली हा,” आत्मादादा म्हणाले.

“तू गप रव, आत्माराम. रोहिणी, विचार तिका. तेचो अर्थ काय?”

मी विचारलं. मारिसेलला आधी आठवेना, मग ती हसली.

“ताव पो? ते तोंडातून आपोआप निघतं. आमच्याकडे कुणाच्याही दाराशी गेलं की तेच म्हणायचं. त्याचा अर्थ, मी माणूस आहे.”

“माणूस आहे?”

“हो. आजी सांगायची, रात्रीचं दाराशी काहीही येतं, माणसांसारख्या हाका मारतं. म्हणून आतल्यांनी भिऊ नये यासाठी बाहेरच्यानं आधीच सांगायचं, मी माणूस आहे. मग आतले दार उघडतात.” तिनं पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. “आता कुणी मानत नाही ते. सवय राहिलीय.”

मी आयेकडे वळले. “ती म्हणते, दाराशी आल्यावर म्हणतात. त्याचा अर्थ, मी माणूस आहे. भिऊ नका.”

आये खांबाला धरून उठली. दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात उभी राहिली. तिचा हात कडीवर गेला. लोखंडी जुनी कडी, गंजून चौकटीला चिकटलेली. माझ्या देखत ती कधी लागली नव्हती.

“माका रोज आयकाक येय ता,” ती म्हणाली. “कोणती बोली ती कळा नसा.”

“काकी, नको,” आत्मादादांचा आवाज गाऱ्हाणं घालणारा राहिला नव्हता. “इतकी वर्सां झाली. चेडू सुखान चल्ला हा. जावंदे.”

“सुखान?” आये त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. “तिका खाली बसव. आणि मी काय सांगतंय ता सगळा सांग. आपल्या मनाचा घालू नको, काय गाळू नको.”

मी मारिसेलला बसवलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

“त्या रातीक माझो घोव, उदयचो बापूस, दर्यात होतो,” आये म्हणाली. “पाऊस असो की समोरचा दिसा नाय. घरात मी एकटी आणि माझ्या कुशीत उदय, इतकोसो. वाडीतले आर्दे होडये बाहेर. आणि दारात हाक इली. बाप्या माणसाची. माका वाटला, माझो घोव बुडालो आणि आता झीलाक न्येवक इलो. बुडालेल्याची बोली बदलता म्हणतत. मी उदयच्या तोंडार हात ठेवलंय, तेना ओ दिवचो नाय म्हणान.”

मी इंग्रजीत सांगत गेले. माझ्याकडचे शब्द तुटपुंजे होते, पण त्या बाईला लागले असते तेवढे होते.

“हेनी पण आयकल्यानी.” आयेनं आत्मादादांकडे बोट केलं. आत्मादादा खाली बघत होते. “हेंचा दार माझ्या दाराक लागान. भागीरथीन आयकल्यान. सगळ्या वाडयेन आयकल्यान आणि सगळी बसली तिसऱ्येची वाट बघीत. सकाळी मी दार उघडलंय तर तो हय, ह्या उंबऱ्याक टेकान, गुडघे पोटात घेवन. थंड. दोन घटकेन माझो घोव जितो परत इलो. मगे बाप्यांनी तेका उचलून उंडीखाली नेल्यानी, आणि सगळ्यांनी मिळान दर्याचा नाव सांगूचा ठरवला. मी पण सांगलंय. आजपर्यंत सांगलंय.”

मारिसेलची बोटं पदकावर मिटली होती. ती आता माझ्याकडे बघत नव्हती, आयेकडे बघत होती; माझं इंग्रजी मधे उगाच वाटायला लागलं होतं. रिक्षावाल्यानं पुन्हा भोंगा वाजवला आणि उदयनं लांबून त्याला हातानं थांबवलं.

“तेच्या बायलेक सांग, आता ताट उचल,” आये म्हणाली. तिचा हात अजून कडीवरच होता. “पाय लागलेले तेचे. पुळण चढान, घाटी चढान, आपल्या पायान चलत इलो तो माझ्या दारात. जितो होतो गो. दोनदा सांगल्यान माका, मी माणूस, मी माणूस. आणि मी ह्या कडीवर हात ठेवन तिसऱ्येची वाट बघीत रवलंय.”